लाल चिंधीचा फळा

देवगाव फाट्यावर टायरच्या दुकानाला लागून एक गाळा आहे. आत शिरलं की आधी शिलाई मशिनी दिसत नाहीत, समोरच्या भिंतीवरचा फळा दिसतो. कुठल्याशा शाळेनं मोडीत काढलेला काळा फळा, त्यावर रंगानं पाडलेले खाने: कटिंग, शिलाई, काज-बटण, इस्त्री आणि झालं. प्रत्येक खान्यात मोजकेच खिळे. कपड्याच्या गठ्ठ्याची एक चिठ्ठी असते, ती खिळ्याला अडकवायची. गठ्ठा पुढे सरकला की चिठ्ठीही पुढच्या खिळ्यावर. पुढे खिळा मोकळा नसेल तर नवीन गठ्ठ्याला हात लावायचा नाही. उठायचं आणि पुढं जिचं तुंबलंय तिला मदत करायची.

हे सगळं धम्मशीलाचं डोकं. कापूस वेचणाऱ्या बायकांना तिनं शाळेचे गणवेश शिवायला बसवलं, त्याचं कुणाला फारसं नवल वाटलं नाही. पण भिंतीवरच्या खिळ्यांचं फाट्यावर पुष्कळ दिवस हसू झालं. टायरवाला तर विचारायचा, "ताई, परीक्षा कवा हाय?"

धम्मशीलानं वाळूजच्या एका कारखान्यात बरीच वर्षं गाड्यांच्या वायरी जोडल्या होत्या. तिथं प्रत्येकीच्या डोक्यावर एक दोरी असायची. काम अडलं की दोरी ओढायची, लाल दिवा लागायचा. पहिल्यांदा दोरी तिनं घाबरतच ओढली होती. आता बोलणी बसणार, असं धरून ती मान खाली घालून उभी राहिली. साहेब आला, म्हणाला, "काय अडलं?" आणि बाह्या सारून शेजारी बसला. घरात, शाळेत, सासरी, कुठंच चूक झाल्यावर असं कुणी तिच्या शेजारी बसलं नव्हतं. पुढं कारखान्यातलं काम कमी झालं, ती आणि नवरा नागेश बिऱ्हाड उचलून गावाकडं आले. सामानात भांडीकुंडी होती, आणि तिच्या डोक्यात तो दिवा होता.

दिव्याच्या जागी तिनं लाल चिंधी आणली. जिचं काम अडेल तिनं आपल्या खान्यावर चिंधी टाचायची, अडचण सुटली की जिची तिनंच काढायची. "चिंधी म्हंजी शिक्षा न्हाई, हाक हाय," असं तिनं बायकांना दहादा सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि चिंध्या डब्यातच राहिल्या. आपल्याकडे पाहुण्याला भाजीत मीठ नाही लागलं तरी तो 'झ्याक झाली' म्हणून बोटं चाटतो. तिथं भरल्या गाळ्यात आपल्या नावानं लाल चिंधी कोण टाचणार?

काज-बटणाच्या मशीनवर कुसुमबाई बसायच्या. फाट्याच्या आजूबाजूच्या निम्म्या बायका त्यांच्याच दारात, पायमशीनवर शिलाई शिकलेल्या. धम्मशीला फ्रॉक घालत होती तेव्हापासून तिथं बसायची. त्यामुळे गाळ्यात मालकीण कुणी का असेना, 'बाई' म्हटलं की कुसुमबाईच. काजाला हात स्थिर लागतो आणि नजर सरळ, म्हणून ते काम त्यांचं.

उन्हाळ्यात पाथरीच्या एका खासगी शाळेचं काम आलं. मुख्याध्यापक बन्सीधर सरांनी स्पष्ट सांगितलं होतं, शाळा उघडायच्या आधी पोरांच्या अंगात गणवेश दिसले तर दरसालचं काम तुमचं, नाहीतर आपला रामराम. धम्मशीलाला दुसऱ्या गिऱ्हाइकाचा आधार नव्हता. हे काम गेलं तर गाळा सोडायचा आणि बायकांनी पुन्हा दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायला जायचं, हे न बोलता सगळ्यांना कळत होतं.

सुरुवातीला चिठ्ठ्या सरसर पुढं सरकल्या. मग शिलाईचा खाना तुंबू लागला. काजाचा खाना मात्र मोकळा. तिथं चिठ्ठी आली की दुसऱ्या दिवशी पुढं गेलेली असायची. फळा खोटं बोलत नाही, यावर धम्मशीलाचा भरवसा होता. तिनं शिलाईवरच्या मनकर्णाला सगळ्यांसमोर सुनावलं. "बाईच्या वयाकडं बगा. त्यांचं काम कदी अडत न्हाई, आन तुमी मशीनवर पेंगायलाव."

मनकर्णा तिच्यापेक्षा वयानं मोठी, तोंडानं त्याहून मोठी. पण त्या दिवशी ती एक शब्द बोलली नाही. तिथंच धम्मशीलाला शंका यायला हवी होती.

शंका आली ती इस्त्रीच्या टेबलावर. एक शर्ट उचलून बघताना तिचं बोट काजावर थांबलं. काज हाताचं होतं. मशीनचं काज पडलेली जागा उसवून, तिथं सुईनं बारीक घातलेलं. खालचा शर्ट, त्याच्या खालचा, सगळे तसेच. ती मनकर्णाला घेऊन गाळ्यामागं गेली.

"बाईला दिसंना झालंय," मनकर्णा म्हणाली. "काज वाकडं पडायलंय. आमी पिशवीत घालून घरी नेतो, उसवतो, हातानं घालतो आन सकाळी गुमान इस्त्रीला ठिवतो. चिठ्ठी बी आमीच सरकवतो."

"मला कामून सांगितलं न्हाई? चिंधी कशाला हाय मंग?"

"ज्यांनी सुई धराया शिकवली त्यान्ला चिंधी लावू व्हय आमी?" मनकर्णानं पदर खोचला. "आन ताई, तुमच्या खान्यावर तरी कदी लागली का?"

धम्मशीलाला राग आला, आणि राग यावा इतकं ते खरं होतं. कटिंगच्या टेबलाखाली, पोत्याच्या मागं, तिनं स्वतः चुकीचे कापलेले पँटचे तुकडे दडवले होते. मोठ्या मापाच्या पँटींना कापड कमी पडत होतं. नागेशला गुपचूप सेलूला पाठवलं होतं, पण त्या रंगाचा तागा मिळत नव्हता. आज मिळेल, उद्या मिळेल, म्हणत तिनं दिवस घालवले होते आणि लोकांना चिंधीचं प्रवचन देत बसली होती. तिला स्वतःची मनापासून लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सगळ्या बायका आल्यावर तिनं मशिनी बंद करायला सांगितल्या. डब्यातली चिंधी काढली आणि कटिंगच्या खान्यावर टाचली. मग पोत्यामागचे तुकडे टेबलावर आणून ओतले. "ह्ये माज्या हातून बिघडलंय. कापड कमी पडायलंय. मनकर्णाबाईला मी उगंच बोलले, ती बी माजीच चूक." बाईंकडं तिनं बघितलंही नाही, त्यांचं नावही घेतलं नाही.

मग काजाच्या मशीनमागून स्टूल सरकल्याचा आवाज आला. कुसुमबाई भिंतीच्या आधारानं फळ्याजवळ आल्या आणि हात पुढं केला. शिलाईवरच्या तरण्या वैष्णवीनं डबा उघडून त्यांच्या हातावर चिंधी ठेवली. चिंधी घेऊन त्या फळ्यावर हात फिरवत राहिल्या.

"माजा खाना कंचा गं?" त्या म्हणाल्या. "मला दिसत न्हाई."

मनकर्णा तोंडाला पदर लावून रडली. धम्मशीलानं बाईंचं बोट धरून खान्यावर नेलं, टाचणी मात्र त्यांनी स्वतःच लावली.

त्यानंतर कामाला खरी गती आली. उसवणं थांबलं, काजाच्या मशीनवर वैष्णवी बसली, बाई बटणं वेगळी करून द्यायला लागल्या. धम्मशीलानं पाथरीला जाऊन बन्सीधर सरांना सरळ सांगितलं, लहान वर्गांचे गणवेश वेळेत येतील, मोठ्यांच्या पँटी मागून. सरांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण आधी सांगितलं म्हणून चालवून घेतलं. रंगाचा तागा शेवटी नागेशला जिंतूरला मिळाला. पुढल्या सालचं काम त्यांनाच लागलं, पण त्यासाठी सरांचं पुष्कळ ऐकून घ्यावं लागलं.

बाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन परभणीला झालं. पावसाळा सरत आला तेव्हा त्या काळा चष्मा लावून गाळ्यात परतल्या. त्यांची चिंधी अजून काजाच्या खान्यावर होती. जिची तिनंच काढायची म्हणून कुणी हात लावला नव्हता, तिचा रंगही उडून गेला होता. बाईंनी कुणाचा हात न धरता ती काढली, घडी केली आणि डब्यात टाकली. मग चष्मा वर करून सगळा फळा डावीकडून उजवीकडं नीट वाचला. त्यावर आता एकही चिंधी नव्हती. धम्मशीला कौतुकाची वाट बघत उभी होती.

"एकबी न्हाई?" बाई म्हणाल्या. "मंग झाकायलंय कोन?"