कानावरचा खडू

अण्णा, म्हणजे आमचे वडील, मला ‘कान’ म्हणत. बावीस वर्षं मी ऐकून खडूची खूण केल्याशिवाय आमच्या कारखान्यातून एकही स्पीकर बाहेर गेला नाही. खडू मी कानावरच खोचलेला असे. मग धाकट्या भावाचं लग्न झालं.

धाकटी भावजय बोलायला मवाळ, कामाला वाघीण. कारखान्यात आल्या आल्या सुतळीने स्पीकरपासून माइकपर्यंतचं अंतर मोजायची आणि संगणकावर दोन रेघा काढायची. एक रेघ आवाज किती मोठा ते सांगे. ती मला पटायची. दुसरी फेजची.

“भाऊजी, एकाचा पडदा पुढे येतो तेव्हाच दुसऱ्याचा मागे गेला, तर दोघं एकमेकांचा आवाज खातात.”

“आमच्या घरात हे रेघांशिवाय कळतं,” मी म्हणायचो. अण्णा पोट धरून हसायचे, पण हळूहळू माझ्या खुणेआधी तिला विचारायला लागले. माझ्या पोटात दुखायला लागलं. खरं सांगतो, जळलो मी.

त्या दिवशी एका मोठ्या सभागृहाचे स्पीकर होते. “आज हिच्या रेघा चुकल्या तर संगणक कपाटात,” अण्णांनी सांगून टाकलं, “नाही चुकल्या तर खडू हिचा.”

मोठा स्पीकर मोजून झाला. ती ट्विटरची, म्हणजे बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरची, वायर जोडायला वाकली, तेवढ्यात मी माइकचा स्टँड हळूच मागे सरकवला. पहिली रेघ जवळजवळ होती तशीच आली. फेजच्या रेघेची मात्र घसरगुंडी झाली. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

ती रेघेकडे बघत राहिली. “कालपर्यंत ही अशी उतरत नव्हती. ट्विटर ठीक आहे, आवाजच उशिरा पोचलाय. माइक चार बोटं मागे गेलाय.” तिनं सुतळी लावली. चार बोटं कमी पडली. “माझाच धक्का लागला असेल,” असं म्हणत तिनं माझ्याकडे बघायचं टाळलं.

तिनं मला सांभाळून घेतलं, हेच जास्त झोंबलं. “अण्णा, मी सरकवला.”

“पाहिलं मी,” अण्णा म्हणाले. “हिनं न बघता ओळखलं.”

मी कानावरचा खडू काढून तिला दिला. तिनं पुन्हा मोजलं, वायरी जुळवल्या आणि खूण केली.

संध्याकाळी अण्णांनी आतून हाक मारली, “कान!” मी ओ देऊन धावत गेलो. त्यांना ती हवी होती.