टकटकबाई

आमच्या बाई बोटाच्या पेरानं टेबलावर अशी टकटक करत, की नवख्याला वाटावं कुणीतरी दार वाजवतंय. पहिल्या दिवशी मी चक्क उठून दार उघडायला गेले. सगळा वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. "बस खाली. कागद फाटलाय तिथं," एवढंच म्हणाल्या.

संगमनेरला जुन्या मोडी कागदांचं संपादन शिकवणारा वर्ग त्या चालवत. निवृत्त शिक्षिका, नगरच्या ख्रिस्ती घरातल्या. पर्समध्ये कायम भिंग आणि खारे शेंगदाणे. शिकवण्याची रीत त्यांची स्वतःची होती. एकीनं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसरीनं आपली नक्कल ताडून बघायची. वाळवीनं खाल्लेली जागा आली की वाचणारीनं टकटक करायची, ऐकणारीनं नकलेत तिथं टिंबं द्यायची. अंदाजानं एक अक्षर जरी भरलं, तरी पान पुन्हा पहिल्यापासून. काय वैताग यायचा! मागं आम्ही त्यांना टकटकबाईच म्हणायचो, आणि त्यांना ते चांगलं ठाऊक होतं.

"बाई, इथं 'पाटील'च असणार. आंधळासुद्धा सांगेल," मी एकदा हुज्जत घातली.

"मग आंधळ्याला बोलव संपादनाला. तुला डोळे आहेत ना? दिसतं तेवढंच लिही."

वर्ग भरायचा अण्णांच्या हॉलमध्ये, त्यांच्या खताच्या दुकानावर. अण्णा दिलदार माणूस. भाडं कधी घेतलं नाही, वर चहा पाठवायचे. त्यांच्याच गावच्या कागदांचं पुस्तक आम्ही तयार करत होतो. त्यात गावची वेस कुणी बांधली ते सांगणारा कागद निघाला, आणि वाळवीनं नेमकं बांधणाऱ्याचं नाव फस्त केलेलं.

अण्णा स्वतः जिना चढून आले. "ती येस आमच्या थोरल्यांनी बांधली, सारं गाव सांगतंय. टाका की नाव. तुमचं काय जातंय?"

"गावाला माहीत असेल अण्णा, कागदाला नाही," बाई म्हणाल्या. "गाव असं सांगतं, हे खाली टिपेत देईन. वर टिंबंच राहतील."

"मग वर्गाला दुसरी जागा बघा."

बाईंनी भिंग पर्समध्ये टाकलं, "चला गं" म्हणाल्या आणि जिना उतरायलाही लागल्या. पुढच्या रविवारी, उपासना आटोपल्यावर, वर्ग चर्चच्या व्हरांड्यात भरला. निम्मी मंडळी गळाली होती. उरलेल्यांना बाईंनी नेहमीसारखंच ताडायला बसवलं. मला तर त्यांचा रागच आला होता. एका नावापायी एवढं? आता वाटतं, बाई त्या दिवशी वाकल्या असत्या तर मी शिकले असते काय, कपाळ!

पुस्तक छापायला जायच्या सुमारास बाई अंथरुणाला खिळल्या. शेवटचं वाचन त्यांच्या खाटेशी चाललं. मी वाचायचे, जोडीदारीण ताडायची, बाई डोळे मिटून ऐकायच्या. एके दिवशी अण्णा शहाळी घेऊन भेटायला आले आणि अवघडून स्टुलावर बसले. नशीब बघा, नेमका वेशीचाच कागद पुढं आला.

"मौजे मजकूरची वेस..." इथवर वाचलं आणि थांबले. अण्णा माझ्याकडेच बघत होते. त्यांचा इतका चहा प्यालेली मी, माझा हात काही उचलेना.

टक. टक. टक.

खाटेच्या लोखंडी दांडीवर बाईंचं बोट. डोळे मिटलेलेच. "पुढं वाच," त्या पुटपुटल्या.

अण्णांनी शहाळी खाटेखाली सरकवली. मग म्हणाले, "वाच पोरी. बाई म्हनत्यात तसं."

पुस्तक छापून यायच्या आत बाई गेल्या. फार रडले मी. पण त्यांच्या माघारी एकही रविवार चुकवला नाही. वर्ग आता मी घेते, त्याच व्हरांड्यात. नव्या मुली कुरकुरतात, मागं मलाही काहीबाही नाव ठेवत असतील. ठेवू देत. कागद फाटला की मी टकटक करते, आणि कुणालाही पदरचं एक अक्षर घालू देत नाही.