पयलं इमान उतरूंदे

आमच्या आकारामला जाऊन वरीस झालं. त्येची पोरगी वर्षाराणी म्हनली, आबा, पप्पांच्या फोटूखाली काय तरी लिवा. फोटूखाली एवढं मावत न्हाय, म्हनून हितं मोबाईलात लिवतोय. मी पिराजी, त्येचा थोरला भाऊ. चौथी शिकलोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आकाराम आमच्या इमानतळावर आगीच्या गाडीवर डायवर हुता. सतरा वर्सं. सतरा वर्सात एक इमान पेटलं न्हाय. पारावर लोकं म्हनायची, ह्यो नुस्ता बसून पगार घेतोय. त्यो हसायचा. म्हनायचा, बसूनच रिटायर हुंदे की मला, देवाला सांगा. पर बसत न्हवता. रोज सकाळी पंप चालवून बघायचा, पानी मारून बघायचा. भोंगा झाला की घड्याळ लावून गाडी धावपट्टीच्या टोकापतुर पळवायची, तीन मिनटाच्या आत. त्येला सवयच लागल्याली. घरातबी चप्पल दाराकडं तोंड करून काढायचा. त्येची बायकू संयोगिता वैतागायची, सोताच्या घरात पावन्यागत काय वो, सदा निगायच्या तयारीत.

चार वर्सामागं मार्चात म्या चूक केली. आमचं रान इमानतळाच्या कुंपनाला लागून हाय. एका पट्टीतला ऊस कारखान्याला गेलता, पाचट पडलं हुतं. आकाराम दर साली सांगायचा, दादा पाचट पेटवू नगंस, कुजीव. म्या त्यो ड्यूटीवर गेल्याला बघून काडी लावली. वारं फिरलं. धूर धावपट्टीकडं गेला न्हाय हे नशीब, पर जाळ उलटा आमच्याच शेजारच्या उभ्या उसात शिरला.

कुंपनाच्या तारंतनं लाल गाडी दिसत हुती. इंजान चालू, आकाराम सीटवर. मी बोंबललो, आक्या, आपला ऊस जळतोय, पानी आन. त्येनं एकदा मान वळवून बघितलं आनी परत धावपट्टीकडं तोंड केलं. गाडी जाग्यावरनं हालली न्हाय. दुपारचं इमान उतरायला आलतं. ते उतरलं, थांबलं, मानसं खाली आली, तवा साहेबाला इचारून गाडी आमच्याकडं वळवली. एमायडीसीतली गाडीबी आली. ती त्येनंच साहेबाला सांगून बोलवल्याली, हे मला मागनं कळलं. तवर पंधरा गुंठं राख झालतं.

सांजच्याला मी धारा काढत हुतो, त्यो गोठ्यात आला. मी म्हनलं, "परक्याचं इमान दिसलं, भावाचा ऊस दिसला न्हाय व्हय रं?"

त्यो उकिडवा बसला. म्हनला, "दादा, इमान उतराय लागल्यावर माझी गाडी तिथनं हालली, तर ते खाली घेता येत न्हाय. वर सत्तर मानसं हुती. ऊस खोडव्याला परत फुटतोय. मानसं फुटत न्हाईत."

मला ते पटलं न्हाय. सगळं माझंच चुकलं हुतं म्हनूनच पटलं नसंल. साल गेलं, मी त्येच्याशी बोललो न्हाय. म्हशीचं दूध संयोगिताकडं धाडायचो, पर त्येचं नाव घेत न्हवतो. त्या जळल्या रानात खोडवा फुटला, पुरुसभर झाला, तवा मीच कुंपनापाशी जाऊन हाळी दिली, "आक्या, फुटला बघ."

त्यो गाडीतनंच म्हनला, "मागं सर दादा, इमान येतंय."

तितनं परत बोलाय लागलो.

गेल्या साली तरास न्हाय, काय न्हाय, आंगोळीला पानी तापलं आनी त्यो हातरुनातनं उठलाच न्हाय. शेचाळीस वय. मुरगूडची पावनंमंडळी अकरापतुर आली, सगळी तयारी झाली. त्येच्या गाडीवरची चौघं तेवढी आली न्हवती. आमचं चुलतं गणपतराव म्हनलं, सतरा वर्सं संगं काढली आनी त्यास्नी आज येळ न्हाय व्हय, लावा फोन. म्या फोन लावू दिला न्हाय.

"आन्ना," म्हनलं, "पयलं इमान उतरूंदे."

लोकं माझ्याकडं बघाय लागली. कुनी कायबाय बोललं. मी अंगनात बसून ऱ्हायलो. बाराच्या पुढं इमान आमच्या कौलावरनं खाली गेलं. अर्ध्या तासानं परत उडालं. मग चौघं आली, ड्यूटीच्या कापडावरच, घामानं भिजल्याली. त्यातला वयस्कर बाळाप्पा हात जोडून म्हनला, "दादा, आमच्यासाटनं थांबलासा?"

मी म्हनलं, "मी कोन थांबवनारा. इमान उतरल्याबिगर त्योच जाग्यावरनं हालत न्हवता."

चौघांनी खांदा दिला. रस्ता आमच्या रानाकडनंच जातोय, ऊस दोनी बाजूला उभा हुता. म्या अग्नी दिला. ती चौघं तिथंच उभी, कुनी हालंना. म्या घड्याळ बघितलं आनी मीच त्यास्नी म्हनलं, निगा आता, तीनचं इमान हाय.