फुकटात दिलेलं कपाळ

कर्वेनगरच्या एका त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी मला फसवलं. पैशात नाही. पैशात मला फसवणं सोपं नाही. मार्केट यार्डात कांदा-बटाट्याचा माझा गाळा आहे आणि तो मला कोणी आंदण दिलेला नाही. आधी रस्त्याकडेला पाटी, मग हातगाडी, मग दुसऱ्याच्या गाळ्यातला भाड्याचा कोपरा, आणि मग गाळा. गोणी उघडली की वरचा माल मी बघतच नाही. हात कोपरापर्यंत आत घालते आणि तळातला कांदा वर काढते. मला फसवायचं तर ते दुसरीकडेच कुठेतरी फसवावं लागतं, आणि त्या बाईंनी तेच केलं.

माझा नवरा शाळेत भूमिती शिकवायचा. बाजारातलं त्यांना काही कळत नसे आणि कळून घ्यायची इच्छाही नव्हती. पण दुपारी मी घरी आले की ते चष्मा कपाळावर सरकवून माझ्या तोंडाकडे बघत आणि त्या दिवसाचा बाजार सांगत. "उभ्या रेघा. म्हणजे कांदा पडला." किंवा, "वा, आज आडव्या! बाईसाहेबांनी कुणाला तरी कापलेलं दिसतंय." भुवयांच्या मधे दोन उभ्या आठ्या पडल्या की मंदी, भुवया वर जाऊन कपाळावर आडव्या आठ्या पडल्या की तेजी. हा त्यांनी काढलेला नियम. मी म्हणायची, "पोरांना शिकवा जाऊन, माझं तोंड काय फळा आहे?" पण पायरी चढताना मीच भुवया जरा वर करून घ्यायची, हेही खरं.

त्यांना पक्षाघात झाला तेव्हा उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. शब्द ऐकू यायचे, पण त्यांचा अर्थ कधी लागायचा, कधी नाही. जेवण म्हटलं तर औषध समजायचे. एवढी एक खोड मात्र शाबूत राहिली. मी आले की ते माझ्या कपाळाकडे बघत आणि डावा अंगठा वर किंवा खाली करत. सगळ्या दिवसात आम्हा दोघांचं धड एवढंच बोलणं व्हायचं. आणि त्यात चूक कधी होत नसे.

पुढे पुढे अंगठा खालीच जायला लागला. बाजार बरा असला तरी खाली. कारण माझ्या उभ्या आठ्या आता जातच नव्हत्या. इतकी वर्षं ओरडून, घासाघीस करून, उन्हात डोळे बारीक करून त्या तिथे कोरल्या गेल्या होत्या, आणि त्यांच्या आजारपणाने आणखी खोल गेल्या. अंगठा खाली केला की ते लगेच बोट स्वतःच्या छातीला लावायचे. मंदी आहे, आणि ती माझ्यामुळे. मी ओरडायची, "अहो, तुमच्यामुळे काही नाही! गाळा उत्तम चाललाय!" ओरडताना आठ्या आणखी गडद होत असणार. ते जेवायचं थांबत.

त्यांना बोलणं शिकवायला एक मुलगी यायची. ती म्हणाली, "काकू, काकांना तुम्ही सारख्या चिडलेल्या वाटता."

"मी चिडलेलीच असते. तुला आज कळलं?"

सून तिथेच होती. ती म्हणाली, "आई, या मधल्या आठ्या आता इंजेक्शनने जातात. पंधरा मिनिटांचं काम. माझ्या ऑफिसातल्या दोघींनी केलंय."

"आठ्या आहेत की गोणीची शिवण, उसवायला?"

पण रात्रभर माझ्या डोक्यात तेच राहिलं. उभ्या गेल्या आणि आडव्या राहिल्या तर त्यांना रोज तेजीच दिसेल. एवढाच माझा हिशोब होता. तरुण दिसायची हौस असती तर ती गाळ्यावर बसायच्या आधीच भागवली असती.

दवाखाना दुसऱ्या मजल्यावर होता. आत गारठा, पांढऱ्या खुर्च्या, आणि भिंतीवर बायकांचे इतके गुळगुळीत चेहरे की त्यांच्यापैकी कुणाशी सौदा करायची वेळ आली तर मीसुद्धा बिचकले असते. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी सगळं रीतसर विचारलं. रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का, कशाची ॲलर्जी, स्नायूंचा काही आजार, आधी चेहऱ्यावर काही केलंय का. मग म्हणाल्या, "काकू, आता चिडून दाखवा."

"त्याला दाखवायला काय लागतं?" मी म्हटलं. त्या हसल्या, फोटो काढला. मग भुवया वर करायला लावल्या, पुन्हा फोटो.

तेव्हाच मी त्यांना सांगितलं. अगदी याच शब्दांत सांगितलं, मला आठवतं. "माझा नवरा आजारी आहे. त्याला बोलणं कळत नाही, तो माझं कपाळ वाचतो. मधल्या उभ्या घालवा. वरचं कपाळ हललं पाहिजे."

"हो हो, काकू. एकदम नॅचरल ठेवू."

इथपर्यंत सगळं सरळ होतं. मग दराची गोष्ट निघाली आणि मी, माझ्या सवयीने, बोलायला लागले. दर त्या कमी करेनात. दर कमी होत नसेल तर वर काहीतरी घालून घ्यायचं, हे मी पाटीवर बसायचे तेव्हापासून करत आले आहे. कांदा कमी करत नाही ना, मग लसणाचे दोन गड्डे टाक. मी म्हटलं, "दर राहू दे. मग वरच्या बारीक आठ्यांनाही थोडं लावून द्या. तेवढ्यासाठी वेगळे घेऊ नका."

त्या क्षणभर थांबल्या. मी ते थांबणं पाहिलं. मला वाटलं, हिला नुकसान दिसतंय, म्हणजे मी जिंकले.

"कपाळ हलेल ना पण?" मी विचारलं.

"हलेल काकू, थोडंसंच देते," त्या म्हणाल्या. "तुमच्यासाठी म्हणून."

मी खूश होते. बाटली माझ्यासमोर फोडायला लावली. सील पाहिलं, तारीख पाहिली, नळीत किती भरलं तेही विचारलं. त्यांच्या हाताखालची मुलगी म्हणाली, "इतकं कुणी बघत नाही."

"म्हणून तर त्यांना काय मिळालं ते कळत नाही," मी म्हटलं.

प्रत्यक्ष सुई म्हणाल तर काहीच नाही. कपाळ स्पिरिटने पुसलं, पांढऱ्या पेन्सिलीने ठिपके काढले, बर्फ लावला. सुई साखरेच्या पेशंटची असते तशी, केसासारखी. भुवयांच्या मधे टोचते तेव्हा डोक्याच्या आत बारीक करकर ऐकू येते आणि डोळ्यात आपोआप पाणी येतं. वर कपाळाला तेवढंही नाही. टोचलेल्या जागी डास चावल्यासारख्या गांधी उठल्या आणि घरी जाईपर्यंत बसल्या. चार तास आडवं व्हायचं नाही, कपाळ चोळायचं नाही, खाली वाकायचं नाही, वाफ घ्यायची नाही. तीन-चार दिवसांनी फरक दिसायला लागेल, दोन आठवड्यांत पूर्ण, आणि तीन-चार महिने टिकेल. हे सगळं त्यांनी नीट सांगितलं आणि सगळं तसंच झालं. यात मी त्यांना खोटं पाडत नाही. जाताना मी विचारलं, "नाही आवडलं तर?"

"आवडेल, काकू."

सुरुवातीला उभ्या आठ्या हलक्या झाल्या. डोकं थोडं जड होतं, तेवढंच. अशाच एका दुपारी मी घरी गेले तेव्हा नवऱ्याने अंगठा वर केला. कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच बोट छातीकडे गेलं नाही. वाटी रिकामी केली. मी स्वयंपाकघरात जाऊन सुनेला म्हटलं, "तुझ्या ऑफिसातल्या बायकांना अक्कल आहे म्हणायची."

मग कपाळ गेलं. एका सकाळी लिलावात समोरच्याने असा दर सांगितला की एरवी माझ्या भुवया केसांना लागल्या असत्या. त्या हलल्या नाहीत. मी वर ओढते आहे आणि वर काही जात नाही, जसं झोपेत हातावर पडलं की हात आपला राहत नाही, तसं. समोरचा गोंधळला, दर त्याने आपणहून खाली आणला. शेजारचा गाळेवाला म्हणाला, "ताई, आज तुमचं काय चाललंय काही कळेना बुवा!" बाजारात त्याचा मला फायदाच झाला. तोही सांगते, म्हणजे कोणी म्हणायला नको की मी फक्त माझ्या बाजूचं लिहिलं.

घरी फायदा नव्हता. मी आत गेले, त्यांनी कपाळाकडे पाहिलं. डावा हात उचलला. अंगठा आडवा राहिला. वरही नाही, खालीही नाही. ते माझ्याकडे बघत राहिले, मी जणू शेजारची कुणी आहे आणि चुकून या खोलीत आले आहे. मी हसले. हसले की गाल हलतात, डोळे हलतात. पण ते माझे गाल कधी वाचतच नव्हते. थोड्या वेळाने त्यांनी हात चादरीवर ठेवला आणि तोंड भिंतीकडे केलं.

रोज असं व्हायला लागलं. हात उचलायचे, अंगठा आडवा धरायचे, मग हात खाली. पुढे हात उचलणंही बंद झालं. माझ्या हातून घास घेईनात, सुनेच्या हातून घेत. तिच्या कपाळाला काय कमी, ते सदा हलतंच.

मी डॉक्टरीणबाईंकडे गेले. "उतरवा हे," म्हटलं.

"काकू, याला उतारा नसतो. आपोआप जाईल. थोडा धीर धरा."

"तुम्ही हलेल म्हणाला होतात."

"काहींना जास्त लागू पडतं. आणि कपाळ तुम्हीच मागितलं होतंत ना? मी तर फक्त मधलं करणार होते."

बाहेर बसलेल्या बायका ऐकत होत्या. मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. हाताखालच्या मुलीने दार लावून घेतलं.

धीर धरायला वेळ मिळाला नाही. त्यांना पक्षाघाताचा दुसरा झटका आला. हॉस्पिटलात दुपारची वेळ होती, पडदे ओढलेले, पलीकडच्या खाटेवर कुणाचा तरी रेडिओ बारीक चालू होता. ते शुद्धीवर होते. मी खुर्ची ओढून अगदी जवळ बसले. त्यांनी बऱ्याच दिवसांनी माझ्या कपाळाकडे पाहिलं, आणि डावा हात उचलला. अंगठा आडवा. ते विचारत होते. "माझं काय होणार?" एवढंच.

मी सगळा जोर लावला. दात आवळले, कान ताठले, मान दुखली. भुवया एवढ्याशा जरी वर गेल्या असत्या तरी चाललं असतं. खोटं सांगायला मी घाबरत नाही, आयुष्यभर कुजका माल चांगला म्हणणाऱ्यांशी खोटं बोलूनच जगले आहे. ते खोटं मला त्यांना सांगायचं होतं. "अहो, सगळं ठीक आहे," मी तोंडाने म्हटलं. "तेजी आहे. ऐकलंत का, तेजी."

शब्द त्यांच्यापर्यंत गेले नाहीत. त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. मागे सून उभी होती. तिने काही केलं नाही, पोरीचा दोष नाही, पण ती रडायच्या बेतात होती आणि तिच्या भुवयांच्या मधे दोन उभ्या रेघा पडल्या होत्या. ते बघत राहिले. मग अंगठा हळूच खाली वळला. माझ्याकडे त्यांनी पुन्हा पाहिलं नाही. संध्याकाळपर्यंत ते गेले.

आता माझ्या आठ्या परत आल्या आहेत. उभ्याही, आडव्याही, होत्या तशाच. सकाळी केस विंचरताना भुवया वर केल्या की आरशात सगळं कपाळ भरून येतं. बाजारात लोकांना पुन्हा माझं मन कळायला लागलं आहे आणि दर पूर्वीसारखेच जड जातात.

डॉक्टरीणबाई म्हणतात, मी मागितलं. मागितलंच. मागणं हा माझा धंदा आहे, समोरचा नाही म्हणेपर्यंत मी मागते, आणि माझ्यासारख्या बायका रोज त्यांच्याकडे मागत असणार. मार्केट यार्डातला आडदांड आडत्यासुद्धा मला सांगतो, "ताई, हा माल नेऊ नका, तुमच्या गिऱ्हाइकाला चालणार नाही." त्याने कुठली पदवी घेतलेली नाही. या बाईंना माहीत होतं की वर औषध गेलं की वरचं कपाळ बसणार. त्यांना हेही माहीत होतं की ते कपाळ घरी कोण वाचतं. खुर्चीत टेकायच्या आधी मी सांगितलं होतं. त्या क्षणभर थांबल्या होत्या. त्या थांबण्यात त्या काय विचार करत होत्या?

मला दुसरं काही नको. माझे पैसे परत नकोत, दिलगिरी नको, पुढच्या वेळी सवलत तर नकोच. त्यांनी माझ्यासमोर बसावं, भुवया जागच्या जागी ठेवून बसावं हवं तर, आणि माझ्या एका प्रश्नाचं उत्तर द्यावं: नाही म्हणायची वेळ तुमची होती. तुम्ही हो का म्हणालात?