रालित्साच्या मनगटावरचा दोरा

स्तोयान्काबाईंचा कोणावर विश्वास बसणं महाकठीण. चौतीस वर्षं गावच्या शाळेत शिकवलं, त्यात निम्मी हयात कॉप्या पकडण्यात गेली. पुढे गावात पोरंच उरली नाहीत, शाळेला टाळं लागलं. आता बाई परदेशी गेलेल्यांच्या मुलांना दर शनिवारी संगणकावरून बल्गेरियन शिकवतात. समोर नऊ चौकटी, त्यातली एक एप्रिलपासून काळी.

ती नॉर्वेतल्या रालित्साची. वय वर्षं नऊ. काही विचारलं तर "हो बाई" एवढंच. कॅमेरा म्हणे बिघडलाय! बाईंना लगेच वास आला. कार्टी खेळायला पळते आणि हो म्हणायला आईला बसवते, दुसरं काय? बाईंनी सापळे लावले. मध्येच गप्प बसून पाहिलं, धड्यात मुद्दाम चुका केल्या. पोरगी दर वेळी हजर. त्यानं तर संशय आणखीच बळावला. एवढा धीर लहान पोरात असतो का कधी?

जूनमध्ये बाईंचा पारा चढला.

"रालित्सा, आत्ताच्या आत्ता तोंड दाखव. नाहीतर हजेरीतून नाव खोडते!"

चौकट उजळली. रडवेली पोर, आणि मनगटावर मळून करडा झालेला लाल-पांढरा दोरा. मार्तेनित्सा! एक मार्चला बांधायचा, करकोचा दिसला की सोडायचा. बाकीच्यांचे केव्हाच सुटले होते.

"अगं बाई, अजून हातात? फुललेलं झाड पाहिलं तरी चालतं की!"

"आजी म्हणायची, आपल्या गावात करकोचाच लागतो. इथे येत नाहीत ते. सगळ्यांनी सोडले, मला लाज वाटली." तिनं नाक ओढलं. "तुमच्या मागच्या खिडकीतून करकोच्याचं घरटं दिसायचं. रिकामं होतं तेव्हा. मग तुम्ही पडदा ओढलात."

"उन्हाची तिरीप यायची गं. मग सांगायचं नाहीस?"

"तुम्हाला कुणाचं खरंच वाटत नाही. म्हटलं, आज ना उद्या उघडाल."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी उठून पडदा सर्रकन बाजूला केला. खांबावरचं घरटं रिकामंच. पाखरं चरायला गेलेली. बाईंनी पुस्तक मिटलं, खिडकी दिसावी म्हणून खुर्ची बाजूला सरकवली.

"करकोचा आल्याशिवाय आज शाळा सुटणार नाही."

नऊच्या नऊ पोरं घरट्याकडे डोळे लावून बसली. पंचवीस मिनिटांनी तो आला, घरट्यात उतरला, आणि एकच गलका उठला.

रालित्सा मात्र गाठीवर बोट ठेवून थबकली. "बाई, असं इथून पाहिलेलं चालतं?"

"चालतं," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "माझ्यावर विश्वास ठेव."

पोर दातानं गाठ सोडू लागली.