पलीकडचं चाक

मिस्त्रींच्या गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिला होता. फक्त तो मंजूर होत नव्हता. जुना ट्रक घ्यायचा म्हटलं की सगळा गोतावळा पारखायला त्यांनाच बोलवायचा. आज तर विकणारा त्यांचा जावई आणि घेणारा मेहुणा. दोन्हीकडून घरचेच, म्हणजे बोलणी खायची तीही घरचीच.

मेहुण्याला खाणीच्या चढावरून दगड वाहायचे होते. तिथल्या चिखलात एक चाक घसरलं की साध्या ट्रकचा सगळा जोर त्याच चाकात वाया जातो आणि गाडी मागे सरकू लागते. मागच्या खेपेला मेहुणा थोडक्यात वाचला होता. म्हणून त्याला एलएसडीवालाच ट्रक हवा होता, एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर पोचवणारा.

"आहे म्हणजे आहे," जावई छातीठोकपणे म्हणाला.

मिस्त्रींनी मागची दोन्ही चाकं जॅकवर उचलली, गिअर न्यूट्रल केला. एका बाजूचं चाक हातानं फिरवायचं. पलीकडचं त्याच दिशेनं फिरलं तर एलएसडी, उलटं फिरलं तर साधा. पण एवढ्या रुंद ट्रकचं पलीकडचं चाक इकडून दिसतं कुठे? तिथे बसून ओरडायचं काम त्यांच्या मुलीचं, अगदी फ्रॉक घालायची तेव्हापासूनचं. आजही ती बाह्या सरसावून बसली. ट्रक तिच्याच नवऱ्याचा होता.

मिस्त्रींनी चाक फिरवलं. पलीकडून आवाज नाही. जावई मोबाइलमध्ये डोकं घालून उभा. मिस्त्रींना साऱ्याचा वीट आला. 'सरळ' म्हण बाई आणि सोडव मला, असं त्यांना मनापासून वाटलं, आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. त्या चढावर जाणारा तिचा सख्खा मामा होता.

"उलटं, बाबा."

"नीट बघ." त्यांनी पुन्हा फिरवलं.

"नीटच बघतेय. उलटं फिरतंय. मामा, हा घेऊ नकोस."

जॅक निघताच जावई ट्रक घेऊन चालता झाला. बायकोला 'चल' म्हणायचं त्याला सुचलं नाही, की सुचूनही म्हणाला नाही, कोण जाणे.

मुलगी फडक्यानं काळे हात पुसत होती.

"बाबा, आज तुमच्याकडेच जेवते."

"आजच ना?" मिस्त्रींनी विचारलं.

"बघू," ती म्हणाली, आणि हात पुसत राहिली.