नळीचं पाणी

अंबडच्या तहसीलमधले भाऊसाहेब हिवाळ्यात सकाळी टेकडीच्या पायवाटेनं पळायचे आणि मी, शाळामास्तर, त्यांच्या मागं. जावयानं त्यांना पाठीवर बांधायची पाण्याची नवी पिशवी पाठवली होती. तिची नळी तोंडात धरून पाणी ओढायचं असतं, पण हे ती कधीच ओठाला लावत नसत. थांबून पिशवी काढायचे, काखेत दाबायचे आणि वरून धार तोंडात सोडायचे. निम्मं पाणी स्वेटरवर.

एकदा माझा घसा कोरडा पडला. मी नळीकडं हात केला.

"ओंजळ धरा, सर."

ओंजळ आपोआप धरली गेली. मग आजा आठवला. गावच्या विहिरीला त्याला हात लावू देत नसत, असंच वरून ओतायचे. आलेलं पाणी मी ओंजळीतून सोडून दिलं.

"नळी उष्टी केली, तं वाटंत कुनी पानी मागितल्यावर काय द्यायचं?" असं म्हणत त्यांनी नळीसकट पिशवी माझ्या हातात दिली आणि स्वतः ओंजळ धरून माझ्यापुढं वाकले. "आता तुम्ही वता. जल्दी."

मी ओतलं. बरंचसं त्यांच्या बुटांवरच सांडलं.

आजा असता तर हे ऐकून हसला असता की उठून गेला असता, मला अजून कळत नाही.